गुलाब जोमाने वाढतो, पण कळी धरत नाही : माझा अनुभव

मुलुंडच्या आमच्या गॅलरीतील लाल कलमी गुलाबाने पावसाळ्यानंतर लांब, सरळ, फिकट हिरव्या फांद्या काढल्या. मात्र वर्षभर एकही कळी आली नाही. शेणखत, हाडांचा चुरा आणि मोठी कुंडी यांचा उपयोग झाला नाही, आणि छाटणीनंतर त्याच फांद्या दुप्पट जोमाने फुटल्या. पूजेसाठी फुले विकत आणताना चीड येई.

कलमी गुलाब रानगुलाबाच्या खुंटावर (मुळे असलेल्या बुंध्यावर) हव्या जातीचा डोळा, म्हणजे अंकुर, भरून तयार केलेला असतो आणि खुंटालाच फुटवे आले की ते कलमाचे अन्न ओढून घेतात. माझ्या झाडावर त्या लांब फांद्यांच्या पानांना सात पर्णिका (एका पानातील छोटी पाने) होत्या, कलमाला पाच. तथापि केवळ पर्णिका मोजून निर्णय घेऊ नये, फांदी कुठून निघते तेच पाहावे.

डिसेंबरमध्ये प्रथम डोळा भरलेल्या गाठीखालची माती बोटांनी उकरून फुटव्याचा उगम शोधला. नंतर हातमोजे घालून तो खाली दाबत मुळापासून ओढून उपटला. कात्रीने कापल्यास बुडातील सुप्त डोळे पुन्हा फुटतात. जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावली, ती सुकल्यावर माती भरली, परंतु गाठ उघडी ठेवली. शेवटी कलमाची मूळ फांदी बाहेर वळलेल्या डोळ्यावर तिरकी छाटली. सातव्या आठवड्यात लाल कळी आली.