बिघाड की ऑर्गनचा स्वभाव? व्हर्च्युअल पाइप ऑर्गन ऐकताना या चुका टाळा

खऱ्या पाइप ऑर्गनच्या रेकॉर्डिंगचा संच, म्हणजे सॅम्पल सेट, कॉम्प्युटरवर लोड करून कीबोर्डने वाजवायचा, हा व्हर्च्युअल पाइप ऑर्गन. नवा सेट लोड झाला की तासाभरात तक्रारी सुरू होतात. वरच्या सप्तकातल्या पट्ट्या मुक्या आहेत. ट्रंपेटचा स्टॉप (पाइपांची एक रांग चालू करणारी खुंटी) ओढला तरी काहीच वाजत नाही. मागे सतत घरघर चालू आहे. अमुक कॉर्ड बेसूर लागते. यातल्या बऱ्याच तक्रारींचा बिघाडाशी संबंध नसतो. एखाद्या चर्चमध्ये माइक लावून तिथला एकेक पाइप रेकॉर्ड केलेला असतो आणि त्या ऑर्गनच्या खोडी त्याच्याबरोबर तुमच्या घरी आलेल्या असतात. उरलेल्या तक्रारी खऱ्या असतात, पण त्यांचं मूळ कॉम्प्युटरमध्ये असतं. हा फरक न ओळखता सेटिंग बदलत सुटणं ही पहिली चूक. मग चांगला ऑर्गन ‘दुरुस्त’ होऊन सपाट होतो आणि खरा दोष जागच्या जागी राहतो.

सुरुवात करायला खर्च लागत नाही. असे सेट वाजवणारं ग्रँडऑर्ग हे सॉफ्टवेअर मोफत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि त्याच्यासोबत एक छोटा डेमो ऑर्गनही येतो. ऑस्ट्रियातल्या फ्रिसाखच्या डॉमिनिकन चर्चचा किंवा स्वीडनमधल्या बुरेओ चर्चचा सेट मोफत मिळतो. हाउप्टवेर्क हे दुसरं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं. त्याच्यासोबत बर्मिंगहॅमच्या मोझली भागातल्या सेंट ॲन चर्चचा ऑर्गन मिळतो.

एक गोष्ट आधीच मनातून काढून टाका. संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन हे वेगळं वाद्य आहे. त्यात पेटीसारख्या रीड असतात आणि भात्यावरच्या दाबाने आवाज फुलवता येतो. पाइप ऑर्गनमध्ये हवेचा दाब ठरलेला. पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, पाइप तेवढाच बोलणार. त्यामुळे ‘कीबोर्डचा टच काम करत नाही’ आणि ‘सस्टेन पेडलला प्रतिसाद नाही’ या दोन्ही तक्रारी इथेच निकालात निघतात. आवाज लहानमोठा करायचा तर स्वेल पेडल लागतं. तेही फक्त झडपांच्या पेटीत बसवलेल्या पाइपांवर चालतं, आणि अनेक जुन्या ऑर्गनांना अशी पेटीच नसते.

सगळे स्टॉप एकदम ओढू नका

हा मोह सगळ्यांना होतो. दणदणाट ऐकून छाती भरून येते, पण सेटमध्ये काय आहे ते कळत नाही. त्याऐवजी ८ फुटी प्रिन्सिपल, म्हणजे ऑर्गनचा मूळ आवाजाचा स्टॉप, एकटा ओढा आणि सर्वांत खालच्या पट्टीपासून वरपर्यंत एकेक सूर सावकाश वाजवा. ८ फूट म्हणजे पट्टी जो सूर सांगते तोच सूर. ४ फुटी स्टॉप एक सप्तक वर, २ फुटी दोन सप्तकं वर, १६ फुटी एक सप्तक खाली. मधल्या एकाच सुरावर स्टॉपची परीक्षा करणारे फसतात, कारण एकाच फ्ल्यूटचा खालचा पाइप धापा टाकत बोलतो, मधला गोल लागतो आणि वरचा जवळजवळ शिट्टी होतो.

मग २ २/३ फुटी स्टॉप एकटा ओढून पांढरी एक दाबा. सा अपेक्षित असतो आणि ऐकू येतो तार सप्तकातला पंचम. १ ३/५ फुटी टिअर्स ओढला तर त्याच पट्टीवर अतितार गंधार. ‘चुकीच्या पट्टीला चुकीचा पाइप जोडलाय’ असं वाटून लोक सेट पुन्हा डाउनलोड करतात. तानपुरा ऐकणाऱ्याला मात्र हे नवं नसावं. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो, तो मूळ सुराचा पाचवा स्वरांश (हार्मोनिक). टिअर्स म्हणजे त्याच पाचव्या स्वरांशासाठी बसवलेली पाइपांची स्वतंत्र रांग. ती एकटी वाजवायची नसते. ८, ४, २ २/३, २ आणि १ ३/५ एकत्र ओढा: पाच सूर वेगळे ऐकू न येता एकच नाकातला, धारदार आवाज होतो. फ्रेंच परंपरेतला कॉर्ने तो हाच. आता वाजवता वाजवता टिअर्स आत ढकला, पुन्हा ओढा. एका रांगेने रंग किती बदलतो हे अशा प्रयोगातून कळतं. स्टॉपांची यादी वाचून कळत नाही.

मिक्श्चर म्हणजे एका पट्टीवर अनेक उंच सुरांचे पाइप एकदम वाजवणारा स्टॉप. तो वाजवताना चढत्या सुरावलीत मध्येच आवाज खाली घसरल्यासारखा वाटेल. तोही दोष नाही. मिक्श्चरचे पाइप आधीच इतके उंच सुरातले असतात की वर जाताना त्यांना ठरावीक जागी सप्तकाने किंवा पंचमाने खाली आणावंच लागतं.

८ फुटी स्टॉप किती एकत्र ओढायचे याचं उत्तर ऑर्गनच्या जन्मगावावर अवलंबून आहे. नेदरलँड्समधल्या झ्वोले शहरात श्निटगर या ऑर्गनकार घराण्याने बांधलेल्या १७२१ च्या ऑर्गनवर प्रिन्सिपल ८ वर ४, मग २, मग मिक्श्चर असा मनोरा उभा राहतो. तिथे पाच ८ फुटी एकत्र ओढले तर आवाज गढूळ होतो. उलट फ्रान्समधल्या काँ शहरातल्या सेंट-एतिएन चर्चमध्ये काव्हाये-कोल या ऑर्गनकाराने बांधलेल्या १८८५ च्या ऑर्गनवर सगळे ८ फुटी एकत्र ओढणं हाच पाया. एकाची सवय दुसऱ्यावर लादून ‘सेट मजेदार नाही’ म्हणणाऱ्यांचं मत मी मनावर घेत नाही.

‘वाजतच नाही’ म्हणण्याआधी

जुन्या ऑर्गनच्या मॅन्युअलला, म्हणजे हातांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या ओळीला, बहुधा चारच सप्तकं, म्हणजे ४९ पट्ट्या असतात. कॉम्प्युटरला जोडलेल्या तुमच्या मिडी कीबोर्डला ६१. वरच्या बारा पट्ट्या मुक्या राहणारच, कारण चर्चमध्ये त्या नाहीतच. काही जुन्या ऑर्गनांत खर्च वाचवण्यासाठी सर्वांत खालच्या सप्तकात काळी एक, दोन, तीन आणि चार यांचे मोठे पाइप बनवतच नसत. काही सेटकर्ते आजूबाजूच्या पाइपांवरून उरलेले सूर तयार करून विस्तारित आवृत्ती देतात. वाजवायला ती सोयीची. ऑर्गन ओळखायला मूळ आवृत्ती बरी.

स्टॉप अर्ध्याच पट्ट्यांवर वाजत असेल तर त्याचं नाव नीट वाचा. अनेक स्टॉप बास (खालचा भाग) आणि डिस्कंट (वरचा भाग) असे दुभागलेले असतात, आणि कॉर्ने तर बहुधा मधल्या सा पासूनच सुरू होतो.

काव्हाये-कोलच्या ऑर्गनवर ट्रंपेट ओढूनही शांतता, ही सगळ्यांत फसवी तक्रार. त्याने रीड (ट्रंपेटसारखे जिभेने वाजणारे पाइप) आणि मिक्श्चरच्या पाइपांना वेगळी हवापेटी दिली आणि तिची हवा पायाजवळच्या पेडलने सोडायची सोय केली. स्टॉप आधी ओढून ठेवायचा आणि ऐन वेळी पेडल दाबून सगळ्या रीड एकदम आत आणायच्या, अशी ती युक्ती. पडद्यावर ‘आँश’ (Anches) असं लिहिलेलं पेडल शोधा आणि दाबा.

मॅन्युअलांचा क्रमही देशागणिक बदलतो. काव्हाये-कोलच्या फ्रेंच ऑर्गनवर ग्रांद-ऑर्ग, म्हणजे मुख्य मॅन्युअल, बहुधा सर्वांत खाली. इंग्लिश तीन मॅन्युअलांच्या ऑर्गनवर खाली क्वायर, मध्ये ग्रेट (तिथलं मुख्य मॅन्युअल), वर स्वेल. तुमचा एकच कीबोर्ड पहिल्या मॅन्युअलला जोडलेला असेल आणि स्टॉप तुम्ही ग्रेटचे ओढत असाल तर आवाज येणार नाही.

घरघर असते ती हवा भरणाऱ्या ब्लोअरची. तीही मुद्दाम रेकॉर्ड केलेली असते, पट्ट्यांच्या खटखटीसारखीच. नको असेल तर बहुतेक सेटमध्ये ती बंद करता येते. पण आधी एक संध्याकाळ ती चालू ठेवून ऐका.

बेसूर वाटलं की लगेच इक्वल टेम्परामेंट लावू नका

टेम्परामेंट म्हणजे सप्तकातले बारा सूर जुळवण्याची पद्धत. इक्वलमध्ये ते सारख्या अंतरावर असतात, जुन्या मीनटोनमध्ये गंधार शुद्ध ठेवलेला असतो. मीनटोन पद्धतीने जुळवलेल्या ऑर्गनवर पांढरी एक सा धरून मेजर कॉर्ड वाजवा. गंधार जवळजवळ ३८६ सेंटवर (सप्तकाचे १२०० सेंट), म्हणजे शुद्ध. इक्वलमध्ये जुळवलेल्या आपल्या पेटीचा गंधार ४०० सेंटवर, १४ सेंट चढा. या चढ्या गंधारावरून आपल्याकडे किती वाद झाले ते सांगायला नको. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, त्यामागच्या आक्षेपांत टेम्पर्ड सुरांचा आक्षेपही होता. मीनटोन ऑर्गनवर हा गंधार मिळतो आणि त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. काळी चार आणि काळी दोन यांच्यातला पंचम अक्षरशः कोकलतो. त्या काळचे रचनाकार तिकडे फिरकतच नसत. ग्रँडऑर्गमध्ये टेम्परामेंट बदलायला मेनू आहे, पण आधी मूळ जुळणीत ऐका. पेटीच्या जोडीने वाजवायचं असेल तर इक्वल जरूर लावा. जुने ऑर्गन ४४० हर्ट्झच्या मानाने बरेच चढे किंवा उतरलेले असू शकतात, हेही ध्यानात ठेवा.

आता खरे बिघाड

आवाज तडतडतो तेव्हा तडतड कधी होते ते आधी पाहा. कारण तिथेच सापडतं. फक्त मोठ्या आवाजात होत असेल तर पातळी ओलांडली जातेय. सगळे स्टॉप ओढून दोन्ही हातांनी जाड कॉर्ड वाजवा, मीटर लाल होणार नाही इतका व्हॉल्यूम खाली आणा आणि मग त्याला हात लावू नका. हळू स्टॉप ऐकताना व्हॉल्यूम वाढवला की गांबासारखा नाजूक स्टॉप आणि ट्रंपेट एकाच मापाचे होतात.

एखादा सूर पहिल्यांदा वाजवताना अडखळतो आणि दुसऱ्यांदा साफ येतो, असं असेल तर रॅम कमी पडतेय आणि नमुने डिस्कवरून ओढले जाताहेत. हिशेब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला साधारण ०.२९ एमबी. एका पाइपचे लांब सुराचे ८ सेकंद आणि शेवटच्या घुमाऱ्याचे तीन नमुने प्रत्येकी ३ सेकंदांचे धरले तर जवळपास ५ एमबी. चाळीस स्टॉप, प्रत्येकी ५६ पाइप: ११ जीबी. समोरच्या आणि मागच्या माइकांचे नमुने वेगळे असतील तर दुप्पट. ८ जीबीच्या लॅपटॉपवर हे बसणार नाही. १६ बिटमध्ये लोड करा, म्हणजे एक तृतीयांश वाचेल, किंवा मागचे माइक सोडून द्या. घुमाऱ्याचे तीनऐवजी एकच नमुना ठेवणं हा उपाय मात्र शेवटचा. पट्टीला नुसता टिचकीसारखा स्पर्श करून पाहा: एकाच नमुन्याच्या सेटमध्ये त्या क्षणभराच्या सुरामागेही पूर्ण घुमारा येतो आणि जलद वाजवणं चिखल होतं.

पट्ट्या वाढल्या की तडतड, व्हॉल्यूम कितीही असो: प्रोसेसर दमलाय. तडतड नाही, पण दाट वाजवताना आधीच्या सुरांची शेपटी कापली जाते: पॉलिफनीची, म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या आवाजांच्या संख्येची, मर्यादा गाठली. बारा स्टॉपांवर चार सुरांची कॉर्ड म्हणजे ४८ आवाज. अर्ध्या सेकंदाला एक कॉर्ड आणि पाच सेकंदांचा घुमारा धरला तर एका वेळी ४८० आवाज जिवंत. मर्यादा २५६ वर ठेवून ‘चर्चचा घुमारा नीट नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

एकच सूर धरला तरी ठरावीक अंतराने टिक-टिक येत असेल तर साउंड ड्रायव्हर आणि सॅम्पल रेट तपासा. सॉफ्टवेअरमध्ये आणि साउंड कार्डवर सॅम्पल रेटचा एकच आकडा हवा.

पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर कारण बहुधा बफरमध्ये, म्हणजे आवाज पाठवण्याआधी साठवल्या जाणाऱ्या तुकड्यात, असतं. ४८ किलोहर्ट्झला १०२४ चा बफर म्हणजे २१ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे ५ च्या आसपास. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर वापरा. ब्लूटूथ हेडफोन तर काढूनच ठेवा, त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. एवढं करूनही उशीर वाटला तर डेमो ऑर्गन लोड करा. तो झटकन बोलला तर उशीर रेकॉर्डिंगमध्येच आहे: मोठा पाइप मुळात सावकाश बोलतो, आणि पंधरा मीटरवरच्या माइकापर्यंत आवाज पोचायला चाळीसेक मिलिसेकंद लागतात.

घुमाऱ्यासकट रेकॉर्ड केलेल्या सेटवर वरून रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) चढवू नका. तो फक्त कोरड्या, म्हणजे घुमाऱ्याशिवाय रेकॉर्ड केलेल्या, सेटसाठी.

सेट लोडच होत नसेल तर आधी डाउनलोडचे सगळे तुकडे पूर्ण आलेत का ते बघा. लिनक्सवर ‘फाइल सापडत नाही’ असं आलं तर फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं तपासा. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. हाउप्टवेर्कसाठी कुलूपबंद केलेले सेट ग्रँडऑर्गमध्ये उघडणार नाहीत, त्यावर वेळ घालवू नका.

राहिला स्पीकर. १६ फुटी स्टॉपचा सर्वांत खालचा सूर ३२.७ हर्ट्झचा, ३२ फुटीचा १६.३५. लॅपटॉपच्या स्पीकरमधून यातलं मूळ काहीच बाहेर येत नाही; जे ऐकू येतं ते वरचे स्वरांश. पेडलचे पाइप ‘वाजत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी आधी चांगले वायरचे हेडफोन लावून पाहावेत. सबवूफर नसेल तर ३२ फुटी रांगा लोडच करू नका. ग्रँडऑर्गच्या ऑर्गन सेटिंगमध्ये एकेका रांगेचं लोडिंग बंद करता येतं, आणि तेवढी रॅम वाचते.