गावच्या दवाखान्यात जाताय? मग एवढं करून जावा

सोलापूर जिल्ह्यात कुठल्याही गावात जावा, मोहोळकडचं असू दे नाहीतर अक्कलकोटकडचं, दवाखाना साधारण एकच असतो. बाहेर एक बाकडं, आत टेबल, पडदा, एक कॉट, सलाईनचा स्टँड, आणि सकाळी दहाला गेलं तरी आपल्या आधी पंधरा माणसं बसलेली. मी आईला बीपी-शुगरला आणि वडिलांना गुडघ्याला असल्याच दवाखान्यात नेतो, त्यामुळं बाकड्यावर बसून लोकांचं ऐकायची चांगली सवय झालीय. निम्मे म्हणतात डॉक्टरच्या हाताला लई गुण आहे, निम्मे म्हणतात नीट बघितलंच नाही, नाडी धरली न् गोळ्या दिल्या. आणि गंमत म्हणजे दोघं एकाच डॉक्टरबद्दल बोलत असतात! माझं मत असं की त्या माणसाकडं तुमच्यासाठी चार-पाच मिनिटं असतात, मशीन कुठलंच नसतं, मग तुम्ही काय घेऊन जाता आणि काय सांगता यावरच निम्मं काम ठरतं. म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे पिशवी. घरात एक कापडी पिशवी ठेवा, त्यात त्या माणसाचे जुने केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी असंल तर तो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं. नुसत्या गोळ्या नाही, पाकिटं, म्हणजे ज्यावर नाव छापलेलं असतं तो भाग कापून टाकू नका. आपल्याकडं गोळी नेहमी नावाच्या बाजूनं फोडायची सवय आहे, महिनाअखेर पाकिटावर नुसतं "मिग्रॅ" एवढंच शिल्लक राहतं. दुसऱ्या बाजूनं फोडत जावा. ईसीजीचा कागद काही दिवसांनी पुसट होतो, त्यामुळं आला की लगेच मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आता पुडीचा विषय, कारण सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. बरेच डॉक्टर बरणीतल्या सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतात, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवसांचं. स्वस्त पडतं, मेडिकलमध्ये जायला नको, ते सगळं खरं. पण चौथ्या दिवशी माणूस बरा झाला नाही आणि सोलापूरला न्यावं लागलं की तिथला डॉक्टर विचारतो कुठल्या गोळ्या दिल्या, आणि आपण सांगतो एक पांढरी, एक गुलाबी, एक अर्धी. काय कळणार त्याला? म्हणून पुडी घेतानाच शांतपणे म्हणायचं, "डॉक्टर, नावं तेवढी कागदावर लिहून द्या, पोरगं पुण्याला असतं, ते विचारतं." पुण्याच्या पोराचं कारण हमखास चालतं, डॉक्टरला राग पण येत नाही. काय दिलंय हे कळणं हा पेशंटचा हक्कच आहे, पण गावात हक्काच्या भाषेत बोललं की नातं बिघडतं, गोडीनं मागितलं की मिळतं.

ह्यातलीच ती अर्धी गोळी. गुडघेदुखी, दमा, अंगाला खाज, कशालाही एका दिवसात फरक पडला तर खूश होण्याआधी विचारा की ह्यात स्टेरॉइड आहे का. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बेटामेथासोन ही त्यातली नेहमीची नावं. वाईट औषध नाही, गरजेला जीव वाचवतं, पण महिनोन्‌महिने घेतलं की तोंड सुजल्यासारखं गोल होतं, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि बरेच दिवस चालू असंल तर घाबरून एकदम बंद पण करायचं नाही, ते डॉक्टरच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करावं लागतं. दुखण्याच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या पण रोज रोज घेतल्या की पोटाची आणि किडनीची वाट लागते, बीपी-शुगरवाल्यांनी तर जास्तच जपायचं.

सुई आणि सलाईनचं बोलू, इथं चूक डॉक्टरपेक्षा आपली जास्त आहे. मी स्वतः ऐकलंय, बाई पोराला घेऊन आत गेली, डॉक्टर म्हणाला व्हायरल आहे, पॅरासिटामॉल देतो, पाणी पाजा, आणि बाई बाहेर येऊन म्हणाली ह्याला काही येत नाही, सुई पण मारली नाही, चला दुसऱ्याकडं. मग डॉक्टर पण शिकतो की सुई मारली की पेशंट टिकतो. अहो, पाच टक्क्याच्या ग्लुकोजची ५०० मिलीची बाटली म्हणजे २५ ग्रॅम साखर, चहाचे पाच चमचे! अशक्तपणा आलाय म्हणून तेवढ्यासाठी दीड तास कॉटवर पडायचं, पैसे द्यायचे, आणि शुगर असलेल्या माणसाला तर उलटंच व्हायचं. सलाईन कधी खरंच लागतं? उलटी थांबतच नाही, पोटात पाण्याचा घोट टिकत नाही, सकाळपासून लघवी नाही, माणूस गुंगीत आहे, तेव्हा. नुसत्या जुलाबाला ओआरएस बास. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम मिसळायचं, अर्धं पाकीट तांब्यात असलं अंदाजपंचे करायचं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा तर घरात चार पाकिटं पाहिजेतच. पण उन्हातनं आलेला माणूस बरळायला लागला, अंग तापलंय, तर ओआरएसचा नाद सोडा, सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि गाडी बोलवा.

आत गेल्यावर काय सांगायचं? "अंगात कसंतरीच होतंय" हे सांगू नका, किंवा सांगा पण पुढं बोला. कधीपासून, कुठं, कशानं वाढतं, कशानं थांबतं, ताप आला तर थंडी वाजून आला का, आणि आधी कुणाकडं जाऊन काय घेतलंय. हे शेवटचं लोक लपवतात, दुसऱ्या डॉक्टरकडं गेलेलं कळलं तर ह्याला राग येईल म्हणून. अहो, येऊ दे राग! तेच औषध दुसऱ्यांदा दिलं तर त्रास तुम्हाला. तंबाखू, मिश्री, दारू, झाडपाल्याचा काढा, सगळं सांगायचं. कुठल्या औषधानं पूर्वी अंगावर पुरळ उठलं असंल तर ते डॉक्टरनं विचारायची वाट बघू नका, खुर्चीत बसल्या बसल्या सांगा. आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन गेला तर त्याला बोलू द्या. डॉक्टर विचारतोय आजोबांना, उत्तर देतोय नातू, आणि आजोबा घरी येऊन म्हणतात मला छातीत दुखतंय ते कुणी विचारलंच नाही.

बायकांची अडचण वेगळी. पडद्याच्या अलीकडं दोन पेशंट उभे, दारात तिसरा, त्यात अंगावरून जाण्याचं, मूळव्याधीचं बोलायचं कसं? मग डोकं दुखतंय म्हणून गोळी घेऊन परत येतात. त्यापेक्षा आत जायच्या आधीच सिस्टरला म्हणायचं, "ताई, मला जरा एकटीनं बोलायचंय." बहुतेक सिस्टर लगेच गर्दी बाहेर काढतात. नाहीच जमलं तर आशाताईला धरा, उपकेंद्रात नाहीतर आरोग्य केंद्रात ती सोबत येते आणि तिच्यापुढं कुणाची लाज वाटत नाही. दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडच्या ज्या आज्जींना कन्नडच येतं त्यांच्यासोबत दोन्ही भाषा येणारं मोठं माणूस पाठवा, शाळकरी नातीला पोटाखालचं दुखणं मराठीत सांगायला लावू नका.

खासगी की सरकारी, हा वाद बाकड्यावर रोज चालतो. मी दोन्हीकडं जातो. साध्या सर्दी-तापाला जवळचा खासगी बरा, वेळ वाचतो. पण त्याच्या बोर्डावर डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर आहे का तेवढं बघा, नसला तर गोड बोलण्यावर जाऊ नका. लसीकरण, गरोदरपण, कुत्रं चावलं, दोन आठवड्यांच्या वर खोकला असंल तर थुंकी तपासणी, ह्याला थेट प्राथमिक आरोग्य केंद्र. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी, औषधोपचार मोफत केलेत, केसपेपरचे पण पैसे नाहीत. सोलापूरचं सिव्हिल हॉस्पिटल मेडिकल कॉलेजचं आहे, आरोग्य खात्याचं नाही, त्यामुळं तिकडं जाताना तोच नियम धरून रिकाम्या खिशानं जाऊ नका. टीबी निघाला तर औषधं फुकट आणि खुराकासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात, बँकेचं पासबुक घेऊन जावा. बाजाराच्या दिवशी कुठंच जाऊ नका, सगळी वाड्यावस्त्यांवरची माणसं बाजारासोबत दवाखाना पण उरकतात. आणि डॉक्टर सोलापूरवरनं अपडाऊन करणारा असंल तर त्याच्या यायच्या-जायच्या वेळा कंपाउंडरला विचारून ठेवा, नाहीतर वडापच्या जीपला पैसे घालून जायचं आणि दाराला कुलूप बघून यायचं.

आता जिथं थांबायचंच नाही ते.

साप चावला तर. आपल्याकडं शेतीपंपाची लाईट बऱ्याचदा रात्रीची, माणूस अंधारात उसात दारं धरायला जातो. चावल्या चावल्या आवळून बांधणं, ब्लेड मारणं, तोंडानं ओढणं, मंदिरात नेणं, ह्यातलं काही नाही. बांगड्या, जोडवी, अंगठी, करदोडा काढा, पाय हलू देऊ नका, चालवू नका, वेळ बघून ठेवा आणि १०८ लावा. साप मारून पिशवीत आणायची गरज नाही, आपल्याकडं जी लस देतात ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चारींवर एकच आहे. निघायच्या आधी आरोग्य केंद्रात फोन करून लस आहे का विचारा, नसंल तर ग्रामीण रुग्णालय नाहीतर थेट सिव्हिल. मण्यार लई फसवी, रात्री खाली झोपलेल्याला चावते, वण दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होतात. जमिनीवर झोपलेला माणूस असा उठला तर डॉक्टरला "खाली झोपला होता" हे आवर्जून सांगा, नाहीतर पित्ताची गोळी मिळते.

विंचवाचं, नुसती आग असंल तर दुखणं थांबवायचं इंजेक्शन देतात. पण घाम सुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली, छाती धडधडायला लागली, विशेषतः लहान पोराला, तर एक मिनिट घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ह्यावर प्राझोसिनची गोळी वापरून दाखवली तेव्हापासनं कितीतरी माणसं वाचली, साधी स्वस्त गोळी आहे, पण वेळेत पडायला पाहिजे.

कुत्रं चावलं तर आधी घरीच साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. चटणी, चुना, हळद काही भरायचं नाही. मग लस, आणि पुढच्या तारखा कागदावर लिहून घ्यायच्या. स्नायूत देतात तेव्हा ०, ३, ७, १४, २८ दिवस, कातडीत देतात तेव्हा ०, ३, ७, २८. दोन सुया झाल्या, कुत्रं अजून फिरतंय म्हणून पुढच्या सोडून देणारे लई बघितलेत. आपल्या मनानं थांबायचं नाही, डॉक्टर सांगेल ते. रक्त आलं असंल तर जखमेच्या बाजूनं वेगळं सीरम पण लागतं, ते छोट्या ठिकाणी बऱ्याचदा नसतं, त्यामुळं विचारून घ्या.

आणि लकवा. तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं अडखळलं, तर गावच्या डॉक्टरकडं बीपी बघायला नेऊन तासभर घालवायचा नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याच्या आधी सीटी स्कॅन लागतो, तो गावात नाही. मोहोळवाल्यांना सोलापूर तसं जवळ, पण करमाळ्यापासनं शंभर किलोमीटरच्या वर आहे, तिथल्यांनी सीटी स्कॅन जवळ कुठं आहे ते आजच माहिती करून ठेवा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ घरातल्या एकानं तरी पक्की सांगता आली पाहिजे, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

मोठ्या दवाखान्यात पाठवताना गावच्या डॉक्टरकडनं चिठ्ठी घ्या, त्यात काय दिलं, किती वाजता दिलं एवढं तरी पाहिजे. सोबत रेशनकार्ड आणि आधार घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजना ठराविक दवाखान्यांत, ठराविक आजारांना आणि ॲडमिट झाल्यावरच लागते, पाच लाखांपर्यंत, त्यामुळं पेशंट आत गेला की आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल शोधा, बिल झाल्यावर नाही. डिस्चार्ज झाला की डिस्चार्ज कार्ड न घेता गाडीत बसू नका. ॲडमिट असतानाचे पूर्ण कागद पाहिजे असतील तर लेखी अर्ज करा, अर्ज दिल्यापासनं ७२ तासांत द्यावे लागतात, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या.