नव्या माउंटन बाइकचा फोर्क आपल्या वजनाला लावा
दुकानात फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या चाकाचे झटके झेलणाऱ्या दुहेरी नळ्यांमध्ये, भरलेल्या हवेवर विसंबू नका, ती तुमच्या वजनाची नसते. हेल्मेट, पाण्याने भरलेली बॅग, सगळं अंगावर घ्या, लॉकआउट (फोर्क दबू न देणारी कळ) उघडा आणि भिंतीला हात टेकून पेडलवर उभे राहा. सोबतच्याला फोर्कच्या नळीवरची रबरी रिंग सीलपर्यंत (नळी आत जाते तिथल्या रबरी कडेपर्यंत) सरकवायला सांगा. मग हिसका न देता अलगद उतरा. १२० मिमी दबू शकणाऱ्या फोर्कवर रिंग साधारण २४ मिमी वर दिसायला हवी, म्हणजे २० टक्के. जास्त असेल तर हवा भरा, कमी असेल तर थोडी सोडा. पंप मात्र शॉकचाच, म्हणजे झटके झेलणाऱ्या भागांसाठीचा, हवा! फोर्कमध्ये हवा इतकी थोडी मावते, की टायरच्या पंपाने एका दट्ट्यात दाब भलतीकडे जातो. मागच्या चाकाच्या शॉकला हेच प्रमाण २५ ते ३० टक्के. रिबाउंडला (दबल्यावर परत वर येण्याच्या वेगाला) हात त्यानंतरच लावा.