मोठ्या बुटांना हलके क्रॅम्पॉन बसवताना

माझे हिवाळी बूट ४८ नंबरचे. वजन वाचवायला ॲल्युमिनियमचे क्रॅम्पॉन (बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली बसवायचे दातेरी सांगाडे) घेतले, तर पुढचा-मागचा भाग जोडणारी मधली पट्टी शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही टाच बाहेरच! घोट्याभोवतीचा पट्टा करकचून आवळला, तरी चढावर क्रॅम्पॉन हलायचा. जिवाशीच खेळ तो.

कमी पडत होती फक्त पट्टी. लांब पट्टी सुटी मिळते. त्याच मॉडेलची आणून बसवली. मग टाचेमागचा खटका लावला, पट्टा मोकळाच ठेवला आणि बूट उचलून जोरात हलवला. क्रॅम्पॉन जागचा हलला नाही, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पुढचे दात बुटापुढे साधारण २ सेंटीमीटर आले.

मात्र ॲल्युमिनियम साध्या हिमाच्या उतारापुरतंच. खडकावर दात लवकर बोथट होतात; कडक निळ्या बर्फावर मी पोलादीच वापरतो.