पहिलं बाळंतपण नागपुरातच करावं लागलं तर

नवऱ्याच्या नोकरीपायी नागपुरात आलेल्या आणि दिवस गेलेल्या मुलींचा हिशेब ठरलेला असतो: सातव्यात माहेरी जायचं, बाळ दोन महिन्यांचं झालं की परतायचं. माझाही तोच होता. कोल्हापूरचं तिकीट काढून ठेवलं होतं. तिसाव्या आठवड्यात बीपी १५०/१०० निघालं आणि डॉक्टरबाईंनी प्रवास बंद केला. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये अख्खा दिवस जातो. मध्येच काही झालं तर कुठल्या स्टेशनावर उतरणार, एवढंच त्यांनी विचारलं.

तेव्हा तिकीट खुशाल काढा, पण तयारी मात्र इथल्या बाळंतपणाची ठेवा. दवाखान्यात नाव घालतानाच विचारा, बाळ लवकर आलं तर त्याच्यासाठी एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) इथे आहे का, नसेल तर कुठे पाठवता? सरकारीत जायचं तर डागा हे खास बायकांचं. मेडिकल, मेयो आणि मिहानकडचं एम्सही आहेच. (नागपूरकर ‘मेडिकलला जाऊन आलो’ म्हणाला तर औषधाचं दुकान समजू नका, ते सरकारी मेडिकल कॉलेज.) दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते. ॲम्ब्युलन्सचे १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा सुजला, बरगडीखाली दुखलं, की तडक दवाखाना गाठा. ‘या दिवसांत सूज यायचीच गं,’ असं मला आई आणि सासूबाई दोघींनीही फोनवर सांगितलं होतं. दोघी मायेनंच बोलत होत्या आणि दोघी चुकल्या होत्या.

मग त्या आल्या, दोघी एकाच आठवड्यात. इथे खरी गंमत झाली. सकाळी स्वयंपाकघरात दोघी, दुपारी दवाखान्यात दोघी, आणि रात्री थांबायला कोणीच नाही, कारण दोघी दमलेल्या. नवऱ्यानं सगळी रजा माझ्या ॲडमिट असण्यात संपवली. चौतिसाव्या आठवड्यात सिझर झालं, बाळ अकरा दिवस एनआयसीयूत राहिलं, आणि ते घरी आलं त्याच दिवशी तो ऑफिसात हजर. दर दोन-तीन तासांनी दूध, रात्रीची जागरणं, माझे टाके. माणूस तेव्हा हवा होता. म्हणून माणसं बोलावण्याआधी पाळ्या ठरवा. एक आजी बाळंतपणाआधी, दुसरी पहिली गेल्यावर. नवऱ्याची निम्मी रजा बाळ घरी येईल तेव्हासाठी राखून ठेवा.

आम्हाला सावरलं ते वरच्या मजल्यावरच्या काकूंनी. ‘काहून टेन्शन घेऊन राहिली? मी आहे ना,’ म्हणत अकरा दिवस दवाखान्यातला डबा त्यांनी पोचवला. सातवा लागायच्या आधीच शेजाऱ्यांशी ओळख करून घ्या, लाजू नका. इथली माणसं बोलायला रोखठोक, पण हाकेला धावतात.

आणखी एक, इथला उन्हाळा. माझं बाळंतपण मे महिन्यातलं, पारा ४५ च्या आसपास, आणि आईनं शेक-शेगडीसाठी कोळसे मागवलेले! शेगडी नको, धुरी तर मुळीच नको, बाळाच्या छातीला धूर सोसत नाही. कुलर लावा, फक्त झोत सरळ बाळावर नको. ‘तहान लागली असेल त्याला’ म्हणून कोणी चमच्यानं पाणी पाजू लागलं तर हात धरा. पहिले सहा महिने आईच्या दुधातच पुरेसं पाणी असतं, नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा. डिंकाचे लाडू मात्र बिनधास्त खा. ऊन बघून मी रोजचा एकच खाल्ला, सासूबाई अजून बोलून दाखवतात.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. बाळ दवाखान्यात जन्मलं तर कळवतात तेच, पण आईबापाच्या नावांचं स्पेलिंग घरी यायच्या आधी तपासा. बाळाचं नाव नंतर घातलं तरी चालतं, वर्षभर त्याची फी लागत नाही. आम्हाला ठरवायला दहा महिने लागले. दोन आज्या होत्या ना.