इटालियन क्रियापदं चालवताना: ‘करायलो’पासून ‘असावा’पर्यंत

शाळेत संस्कृतचे धातू चालवले असतील तर इटालियन क्रियापदांना घाबरायचं कारण नाही. द्विवचन नाही, गण तीनच, आणि एका काळात रूपं सहा. तरीही वेरूळ-अजिंठ्याला पाहुण्यांना लेणी दाखवणारे किंवा शिकायला मिलान-तोरिनोला निघालेले आपल्याकडचे लोक अडखळतात, ते इटालियन इंग्रजीतून शिकतात म्हणून. इंग्रजी क्रियापद पुरुषाप्रमाणे फारसं हलत नाही आणि त्यात लिंग दिसत नाही. मराठीत दोन्ही आहे. म्हणून इटालियन वाक्य थेट मराठीशी जुळवा, मध्ये इंग्रजी आणू नका.

उच्चाराबद्दल एकच सूचना: शेवटचा स्वर गिळायचा नाही. इटालियनमध्ये कर्ता बहुधा त्या शेवटच्या स्वरातच असतो.

धातू आणि वर्तमानकाळ

शब्दकोशात क्रियापद आरे, एरे किंवा इरे यांवर संपतं. ‘बोलणे’मधला ‘णे’ काढला की ‘बोल’ उरतो, तसं पार्लारे (बोलणे) मधून पार्ल्, वेन्देरे (विकणे) मधून वेन्द् आणि दोर्मिरे (झोपणे) मधून दोर्म् उरतं. आरे गण सगळ्यात मोठा आणि भरवशाचा. क्लिक्कारे (क्लिक करणे) सारखी नवी क्रियापदं यातच येतात. सुरुवात इथूनच करा.

मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने:

पार्लो, पार्लि, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो
वेन्दो, वेन्दि, वेन्दे, वेन्द्यामो, वेन्देते, वेन्दोनो
दोर्मो, दोर्मि, दोर्मे, दोर्म्यामो, दोर्मिते, दोर्मोनो

‘मी’साठी ओ, ‘तू’साठी इ, ‘आम्ही’साठी यामो हे तिन्ही गणांत सारखं, म्हणजे निम्मं पाठांतर इथेच संपलं. आपण ‘येतोस का?’ म्हणताना ‘तू’ गाळतो, तसं इटालियनमध्येही सर्वनाम गाळायचं. प्रत्येक वाक्यात ‘इओ, इओ’ लावलं की ‘मी, मी’ केल्यासारखं ऐकू येतं. सगळ्यात जास्त चुकतं ते शेवटचं रूप: ‘पार्लानो’मध्ये जोर ‘पार्’वर, ‘ला’वर नाही. देवनागरीत ‘ला’ दीर्घ दिसतो म्हणून जीभ तिथे रेंगाळते. वहीत जोराच्या अक्षराखाली रेघ मारा.

इरे गणात एक फाटा आहे. फिनिरे (संपवणे) चं रूप ‘फिनो’ होत नाही; मध्ये ‘इस्क’ शिरतो: फिनिस्को, फिनिशि, फिनिशे, फिन्यामो, फिनिते, फिनिस्कोनो. इ आणि ए समोर आले की ‘स्क’चा ‘श’ होतो, आणि ‘आम्ही-तुम्ही’मध्ये हा पाहुणा येत नाही. कोणत्या क्रियापदात तो येणार हे देवनागरीत लिहिलं की बऱ्याचदा दिसतं. ‘इरे’च्या ‘इ’ला जोडाक्षर चिकटलं असेल तर रूप बहुधा साधं: दोर्मिरे, पार्तिरे, सेन्तिरे, सेग्विरे, आप्रिरे. जोडाक्षर नसेल तर बहुधा ‘इस्क’: फिनिरे, कापिरे, पुलिरे, स्पेदिरे, प्रेफेरिरे. अपवाद दोन्हीकडे आहेत. गारान्तिरे आणि जेस्तिरे यांत जोडाक्षर असून ‘इस्क’ येतो, कुचिरे (शिवणे) मध्ये जोडाक्षर नसून येत नाही. वेनिरे, सालिरे यांसारखी मुळातच अनियमित क्रियापदं यात मोजू नका.

लिहिताना एक गोष्ट देवनागरीत झाकली जाते. चेर्कारे (शोधणे), पागारे (पैसे देणे), तोक्कारे (हात लावणे) यांच्यापुढे इ किंवा ए आला तर रोमन लिपीत मध्ये ‘आक्का’ (h) हे मुकं अक्षर घालावं लागतं. नाहीतर ‘चेर्कि’चं ‘चेर्चि’ आणि ‘पागि’चं ‘पाजि’ वाचलं जातं.

‘काय विकायलास?’ या आपल्या मराठवाडी ‘करायलो’ला इटालियनमध्ये नेमकी जागा आहे: स्तारेचं रूप आणि पुढे आन्दो किंवा एन्दो. ‘मी बोलायलो’ म्हणजे स्तो पार्लान्दो, ‘तू विकायलास’ म्हणजे स्ताइ वेन्देन्दो, ‘ती झोपायलीय’ म्हणजे स्ता दोर्मेन्दो. इरे गणालाही एन्दोच लागतो, इन्दो नाही.

‘ने’ लागतो का ते बघा

रोजचा भूतकाळ दोन शब्दांचा असतो: साहाय्यक क्रियापद आणि कृदन्त. कृदन्त सोपं आहे: पार्लातो, वेन्दुतो, दोर्मितो. प्रश्न साहाय्यकाचा. आवेरे घ्यायचं (ओ, आइ, आ, आब्ब्यामो, आवेते, आन्नो) की एस्सेरे (सोनो, सेइ, ए, स्यामो, सिएते, सोनो)?

वाक्य मराठीत ‘तो’ लावून म्हणा. ‘त्याने विकलं’: ‘ने’ आला, म्हणून आवेरे: आ वेन्दुतो. ‘तो निघाला’: ‘ने’ नाही, म्हणून एस्सेरे: ए पार्तितो. एस्सेरे असलं की कृदन्त कर्त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, अगदी निघाला, निघाली, निघाले यांसारखं: पार्तितो, पार्तिता, पार्तिति, आणि सगळ्या बायका असतील तर पार्तिते. आर्रिवारे (पोचणे), एन्त्रारे (आत येणे), तोर्नारे (परतणे) याच वाटेने जातात.

ही कसोटी दोन ठिकाणी फसते, ती ठिकाणं पाठच करा. तो बोलला, झोपला, चालला यांसारख्यांत ‘ने’ नाही, पण इटालियन आवेरेच मागतं: आ पार्लातो, आ दोर्मितो, आ काम्मिनातो. उलट, स्वतःवर होणाऱ्या क्रियेला मराठीत ‘ने’ असला तरी तिथे एस्सेरे लागतं. ‘तिने अंघोळ केली’ म्हणजे सि ए लावाता.

आता मराठी माणसाची खास चूक. आपण ‘कापडं विकली, शाली विकल्या’ असं क्रियापद कर्माप्रमाणे फिरवतो, म्हणून ‘ओ वेन्दुते ले स्तोफ्फे’ तोंडात येतं. कर्म नंतर येत असेल तर आवेरेबरोबरचं कृदन्त हलत नाही: ओ वेन्दुतो ले स्तोफ्फे. कर्म सर्वनाम होऊन आधी आलं की मात्र ते आपल्यासारखंच फिरतं: ले ओ वेन्दुते. लिंग त्यांच्या शब्दाचं धरायचं. आपली हिमरू शाल स्त्रीलिंगी, त्यांचं ‘श्याल्ले’ पुल्लिंगी. म्हणून ती विकली तरी लो वेन्दुतोच.

एकदा हे बसलं की बाकीचे जोडकाळ फुकट मिळतात, कारण साहाय्यकाचं रूप तेवढं बदलतं आणि मराठीतही तेच घडतं. विकलं होतं: आवेवो वेन्दुतो. विकलं असेल: आव्रो वेन्दुतो. विकलं असतं: आव्रेइ वेन्दुतो. विकलं असावं: आब्ब्या वेन्दुतो. होतं, असेल, असतं, असावं हे चार शब्द आपण दिवसभर न चुकता वापरतो. व्याकरणाच्या पुस्तकातल्या लांबलचक नावांपेक्षा ते लक्षात ठेवा.

विकायचो, विकेन, विकलं असतं

‘विकायचो’ किंवा ‘विकत होतो’ यासाठी वेन्देवो, -वि, -वा, -वामो, -वाते, -वानो. पार्लावो आणि दोर्मिवो तसेच. हा सगळ्यात सरळ काळ.

भविष्यकाळात आरे गणाचा ‘आ’ जाऊन ‘ए’ येतो, हे विसरू नका: पार्लेरो, पार्लेराइ, पार्लेरा, पार्लेरेमो, पार्लेरेते, पार्लेरान्नो. वेन्देरो आणि दोर्मिरो यांत असा बदल नाही. ‘मी’ आणि ‘तो’च्या रूपांत जोर अगदी शेवटी. याच धातूवर संकेतार्थ उभा राहतो: पार्लेरेइ, पार्लेरेस्ति, पार्लेरेब्बे, पार्लेरेम्मो, पार्लेरेस्ते, पार्लेरेब्बेरो. ‘पार्लेरेमो’ म्हणजे आम्ही बोलू. ‘पार्लेरेम्मो’ म्हणजे आत्ता जमत असतं तर बोललो असतो. मका आणि मक्का यांत जो फरक, तोच इथे. एका ‘म’ने अर्थ बदलतो.

‘असावा’ आणि ‘बोलावं’

इंग्रजीतून शिकणाऱ्याला कोन्जुन्तिवो दाखवायला दहा पानं लागतात. आपल्याला ‘असावा’ आणि ‘-आवं’ पुरतं. मनातलं मत, आशा, गरज, शंका यांच्या पुढे ‘के’ (की) आला की तो लावायचा. आरे गणाला इ, बाकीच्यांना आ, म्हणजे वर्तमानकाळाच्या उलट:

पार्लि, पार्लि, पार्लि, पार्ल्यामो, पार्ल्याते, पार्लिनो
वेन्दा, वेन्दा, वेन्दा, वेन्द्यामो, वेन्द्याते, वेन्दानो

दोर्मिरे वेन्देरेसारखं, फिनिरेचं फिनिस्का. ‘ती झोपत असावी, असं वाटतं’ म्हणजे क्रेदो के दोर्मा. ‘मला माहीत आहे’ (सो के) च्या पुढे मात्र साधा वर्तमान: सो के दोर्मे. पहिली तिन्ही रूपं सारखी, म्हणून कर्ता स्पष्ट नसेल तिथे सर्वनाम गाळू नका.

भूतकाळी रूप: पार्लास्सि, पार्लास्सि, पार्लास्से, पार्लास्सिमो, पार्लास्ते, पार्लास्सेरो. याची खरी जागा ‘से’ (जर) नंतर. मराठीत ‘बोलला असता तर समजलं असतं’ अशी दोन्हीकडे ‘असतं’ची जोडी बसते, म्हणून ‘से पार्लेरेब्बे’ अशी चूक होते. इटालियनमध्ये जर-च्या बाजूला कोन्जुन्तिवो आणि तर-च्या बाजूला संकेतार्थ: से पार्लास्से प्यानो, कापिरेइ. तो हळू बोलत असता, तर मला समजलं असतं.

आज्ञेत याचा लगेच उपयोग होतो. घरच्या माणसाला पार्ला (बोल), वेन्दि, दोर्मि. मोठ्या किंवा अनोळखी माणसाला आपण ‘आपण बोलावं’ म्हणतो. इटालियनही तिथे कोन्जुन्तिवोच वापरतं: पार्लि, वेन्दा, दोर्मा. आदरार्थी ‘लेइ’ला तृतीय पुरुष एकवचन लागतं, ‘तुम्ही’चं रूप नाही. नकार देताना ‘बोल’चं ‘बोलू नको’ होतं, तसं ‘तू’च्या नकारात मूळ रूप येतं: नोन् पार्लारे. अजिंठ्याच्या भिंतीपाशी घोळक्याला नोन् तोक्काते (हात लावू नका) म्हणा. एकट्या वयस्कर पाहुण्याला नोन् तोक्कि.

इतिहासाचा भूतकाळ

पास्सातो रेमोतो उत्तर इटलीत बोलताना फारसा येत नाही, दक्षिणेत येतो, आणि इतिहास लिहिताना सगळीकडे येतो. पार्लाइ, पार्लास्ति, पार्लो, पार्लाम्मो, पार्लास्ते, पार्लारोनो. दोर्मिरे: दोर्मिइ, दोर्मिस्ति, दोर्मि, दोर्मिम्मो, दोर्मिस्ते, दोर्मिरोनो. वेन्देरेला दोन पर्याय: वेन्देइ किंवा वेन्देत्ति, वेन्दे किंवा वेन्देत्ते, वेन्देरोनो किंवा वेन्देत्तेरो.

लेणी दाखवणाऱ्याने फक्त तृतीय पुरुष पक्का केला तरी काम भागतं. निजामाने बोलावलेले लोरेन्झो चेक्कोनि आणि ओर्सिनि हे इटालियन संवर्धक १९२० ते १९२२ या काळात अजिंठ्याच्या चित्रांवर काम करत होते. इटालियन पाहुण्याला हे सांगताना दोघांसाठी ‘लावोरारोनो’, एकट्या चेक्कोनिसाठी ‘लावोरो’, आणि या दुसऱ्या शब्दात जोर शेवटच्या ‘रो’वरच पडू द्या. तो ‘वो’वर पडला तर पाहुण्याला ‘मी काम करतो’ असं ऐकू येईल.