उबुंटूत वायफाय दिसतच नाही? आधी कार्ड शोधा, मग ड्रायव्हर

जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं, बाकी सगळं चालू आहे, पण सेटिंग्जमध्ये वायफाय अडॅप्टर सापडत नाही असं येतं. अशा वेळी दिसेल ती कमांड टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चिकटवू नका. मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला, हेच मग कळत नाही.

सुरुवातीला इंटरनेट हवं. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. उबुंटूला ते साधं वायरचं कनेक्शन वाटतं, वेगळा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर डेटा पॅकही खर्च होत नाही.

आता टर्मिनल उघडा. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना छोटी रोमन अक्षरं वापरा.) पहिली कमांड ‘आरएफकिल लिस्ट’. वायफायसमोर ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा विमानाचं चित्र असलेली की बघा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल’ पुरतं (‘सुडो’ म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने).

यादीत वायफायच नसेल तर ‘एलएसपीसीआय’, एक जागा सोडून उणे चिन्ह, त्याला जोडून ‘एनएनके’. यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधा. शेवटच्या चौकोनी कंसातला क्रमांक महत्त्वाचा: १४ई४ने सुरू झाला तर ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ नसेल, तर कार्ड ठीक आहे, त्याला चालवणारा ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर आहे आणि तरी वायफाय नाही, तर ‘सुडो डीएमईएसजी’च्या नोंदींत फर्मवेअर (कार्डच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर) मिळालं नसल्याची ओळ आहे का पाहा, असेल तर ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेज अद्ययावत करा.

ब्रॉडकॉमवाल्यांचा त्रास बहुधा ड्रायव्हरचाच असतो. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा, ब्रॉडकॉमचा पर्याय निवडा, बदल लागू करा. इथे सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सही नसलेलं सॉफ्टवेअर रोखणारी सोय) चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहून ठेवा! रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कुठलीही की दाबावी लागते. मग ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा हुकला तर ड्रायव्हर असूनही लोड होत नाही. ‘ड्रायव्हर टाकला तरी काही उपयोग नाही’ असं म्हणणाऱ्यांनी आधी हेच तपासावं.

वायफाय यूएसबीत लावायच्या डोंगलचं असेल तर ‘एलएसयूएसबी’ चालवा. काही रिअलटेक डोंगल आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, कारण त्यांच्यात विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. फाइल मॅनेजरमधून ती ‘सीडी’ इजेक्ट करा, म्हणजे डोंगल वायफायच्या रूपात पुढे येतं.

लॅपटॉपच्या आतलं कार्ड कुठल्याच यादीत नाही आणि विंडोजही सोबत आहे? मग विंडोजमधला ‘फास्ट स्टार्टअप’ (ही सोय मशीन पूर्ण बंद होऊ देत नाही) बंद करून मशीन पूर्ण बंद करा आणि पुन्हा उबुंटू सुरू करा. तरीही दिसलं नाही तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वायरलेस बंद केलेलं आहे का ते पाहा.